मोरी तुंबली? ॲसिड राहू द्या, आधी चेंबरचं झाकण उघडा

डिसेंबर-जानेवारीत माझ्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. माणूस दरवेळी वेगळा, मागणी तीच. “भाऊ, मोरीनं पानी जास नही. एखादं कडक ॲसिड दे ना.” मी विचारतो, “रात्री घरी भरीत होतं का?” समोरचा आधी चमकतो, मग हसतो. भरीत असतंच.

अमळनेरात माझं हार्डवेअर आणि सॅनिटरी सामानाचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून लोकांची दुखणी ऐकतो, अधूनमधून प्लंबरच्या मागं उभा राहून ती बघायलाही जातो. लोक विचारतात, “काय टाकू?” विचारायला हवं, “कुठं अडलंय आणि कशानं अडलंय?” ही दोन उत्तरं मिळाली की निम्म्याहून जास्त वेळा काही विकत घ्यावंच लागत नाही. दुकानदारानं हे सांगू नये, पण आहे ते असं आहे.

मी स्वतः हे घरची फरशी जाळून शिकलो. मोरी तुंबली होती आणि शेतातल्या ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट द्यायला आणलेला कॅन ओट्याखाली पडला होता. ठिबकच्या नळीतला क्षार ॲसिडनं विरघळतो, मग मोरीतली घाण का नाही विरघळणार, असा सरळ हिशोब केला आणि ओतलं. शहाबादी फरशी चर्र करून फसफसली, डोळ्यांतून धारा लागल्या, स्टीलच्या सिंकवर काळे चट्टे पडले आणि पाणी होतं तिथंच राहिलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ॲसिड खाणारच. तेलाच्या थराला मात्र ते ढिम्म हलवत नाही. ठिबकचा आजार वेगळा, मोरीचा वेगळा.

मोरीत साचतं तरी काय

आपल्या स्वयंपाकघरातून रोज काय वाहून जातं ते आठवा. भरताचं तेल, शेवभाजीची तर्री, बट्टीवरचं तूप, कळण्याच्या पिठाचे हात धुतलेलं पाणी, चहाचा चोथा. नुसतं तेल कसंबसं पुढं सरकतं. त्यात पीठ मिसळलं की भिंतीला लावायच्या लांबीसारखा लगदा होतो आणि तो पाइपाला आतून धरून बसतो. हिवाळ्यात रात्री पारा एक आकडी झाला की तूप आणि डालडा गोठतो, शेंगदाण्याचं तेलही घट्ट होतं. भरिताचा सिझन आणि थंडी एकाच वेळी येतात, म्हणून माझं ते गिऱ्हाईकही तेव्हाच येतं.

दुसरं कारण पाण्यातच आहे. बोअरचं पाणी जड असेल, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पाण्यात न विरघळणारी चिकट साय बनवतं. बादलीच्या कडेला जो पांढुरका, बोटाला लागणारा थर बसतो, तोच पाइपातही बसतो. न्हाणीत त्याला केस मिळतात आणि दोन्ही मिळून नमद्यासारखा गोळा होतो.

तिसऱ्या कारणाकडं कुणी बघत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात माणूस भांडी मोजक्या पाण्यात उरकतो. पाण्याची काटकसर बरोबरच आहे, पण मोरीतून धार जाण्याऐवजी ओघळ जातो. ओघळ घाण पुढं ढकलत नाही, पाइपाच्या तळाशी लिंपत जातो. यावरचा इलाज शेवटी सांगतो, फुकटचा आहे.

जुन्या वाड्यांमध्ये आणखी एक मानकरी असतो, राख. चुलीच्या राखेनं भांडी फार छान निघतात, पण ती राख ट्रॅपच्या, म्हणजे मोरीखालच्या पाणी अडवणाऱ्या वाटीच्या, तळाशी बसून सिमेंटसारखी घट्ट होते. तिला कुठलंच औषध लागू पडत नाही, हातानंच खरवडावी लागते.

कुठं अडलंय ते पाच मिनिटांत कळतं

घरातले बाकीचे नळ सोडून बघा. एकाच ठिकाणचं पाणी अडत असेल, तर दोष त्या सिंकच्या किंवा न्हाणीच्या ट्रॅपमध्ये नाहीतर तिथून निघणाऱ्या पाइपात. वरच्या मजल्यावर बादली ओतली आणि खालच्या न्हाणीतून पाणी उफाळलं, तर मुख्य लाइन अडलेली आहे. तिथं सिंकवर रबरी पंप मारत बसणं म्हणजे घसा दुखत असताना पायाला तेल लावणं.

मग घराबाहेर जा. भिंतीलगत गली ट्रॅप असतो, म्हणजे घरातलं सांडपाणी बाहेर येऊन पडतं तो छोटा खड्डा, आणि त्याच्यापुढं चेंबर, म्हणजे लाइनवरचा झाकणाचा हौद. पहारीनं चेंबरचं झाकण बाजूला करा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल, तर अडथळा त्याच्यापुढं, गटारीच्या बाजूला आहे. चेंबर कोरडं आणि आत मोरी तुंबलेली, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. दोनतीन चेंबर असतील तर एकेक उघडत जा. शेवटचं भरलेलं आणि त्यापुढचं पहिलं रिकामं, या दोघांच्या मधल्या पाइपात चोर सापडतो. एवढी तपासणी केल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.

आमच्याकडं एक वेगळाच प्रकार वाढलाय. रस्त्यावर रस्ता चढत गेला, गटारी त्याबरोबर उंच झाल्या, जुनी घरं खाली राहिली. अशा घरात चेंबर भरतं ते गटारीतून उलट येणाऱ्या पाण्यानं. पावसाळ्याच्या पहिल्या दणक्यात न्हाणीतून काळं पाणी वर येतं. तिथं शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, बसवावा लागतो, आणि जमत असेल तर लाइनचं तोंड उचलून गटारीच्या तळापेक्षा वर आणावं लागतं. कितीही उपसलं तरी उतारच उलटा असेल तर पाणी वर कसं चढणार?

सिंक आणि बेसिन

सिंकखाली पांढऱ्या प्लॅस्टिकची वाटीसारखी जी वस्तू लोंबते ती बॉटल ट्रॅप. काही ठिकाणी तिच्या जागी यू आकाराचा वाकलेला पाइप असतो. दोन्हींचं काम एकच, थोडं पाणी अडवून गटारीचा वास आणि झुरळं रोखायची. (खाली वाकून पुन्हा वर चढणाऱ्या पाइपाशी आपल्या खानदेशाचं नातं जुनं आहे. इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पाण्यासाठी सायफन बांधला होता. तत्त्व तेच, फक्त आपला सायफन ओट्याखाली आहे.)

खाली बादली ठेवा, नळ बंद करा, रबरी हातमोजे घाला. ट्रॅपची वाटी हातानंच फिरवून उघडा. पाना लावलात तर प्लॅस्टिकची आटी तुटते. ती निघाली की अर्धा तांब्या काळं पाणी धपकन पडतं, त्यामागोमाग राखाडी लोण्यासारखा गोळा. त्यात चहाचा चोथा, भाताची शितं, कधी चमचाही. वाटी जुन्या टूथब्रशनं घासा. वर राहिलेल्या नळीतही बोट फिरवा, थर बहुधा तिथंच जास्त असतो. परत बसवताना रबरी वॉशर सरळ बसलाय ना ते बघा आणि हातानं आवळा. टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही, इथं पाणी वॉशर अडवतो. मग बादलीभर पाणी एकदम सोडून खाली कोरडा कागद धरा. कागद ओला झाला तर वॉशर तिरका बसलाय.

ट्रॅप साफ निघाला तरी पाणी जात नसेल, तर रबरी पंप घ्या. लोक तो कोरड्या सिंकमध्ये दणादण मारतात आणि हवाच उडवतात. पंपाचं रबर बुडेल इतकं, निदान दोन इंच पाणी सिंकमध्ये हवं. बेसिन असेल तर वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याचं जे छोटं भोक असतं ते ओल्या फडक्यानं घट्ट बुजवा. जोडसिंक असेल तर दुसऱ्याचं भोकही. नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. मग १५-२० वेळा सलग खालीवर करा. जोर खाली दाबण्यावर नको, वर खेचण्यावर द्या. ओढीनं गोळा सुटतो, नुसता दाबला तर आणखी घट्ट बसतो.

न्हाणी आणि पाइपातली स्प्रिंग

न्हाणीची जाळी उचला. आत नहाणी ट्रॅपमध्ये उलटी वाटी बसवलेली असते, ती वर ओढली की निघते. खाली केसांचा गोळा असतो, तो बोटांनी काढा. किळस वाटत असेल तर तारेचा आकडा करा. वाटी धुऊन परत लावायला मात्र विसरू नका. “पाणी पटकन जातं” म्हणून ती काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. चार दिवसांनी तीच माणसं झुरळांचं औषध घ्यायला येतात.

ट्रॅपच्या पुढं अडलं असेल तर ड्रेन स्प्रिंग लागते. घरासाठी ५ मीटरची बारीक स्प्रिंग पुरते. हलक्या हातानं आत सोडा, बेंड आला की थोडी अडते. तिथं ढकलू नका, मूठ घड्याळाच्या दिशेनं फिरवत न्या. खरा अडथळा आला की स्प्रिंग मऊ लागते, रबरात टोचल्यासारखी, आणि बेंडवर कडक ठणठणीत लागते. हा फरक दोनदा केलं की हाताला कळतो. अडथळ्यात शिरल्यावर फिरवत फिरवत मागं ओढा, शक्यतो घाण बाहेर काढा. पुढं ढकललेली घाण दहा फुटांवर पुन्हा बसते.

मुख्य लाइनचं काम चेंबरमधून घराच्या दिशेनं केलेलं बरं. सफाईवाले बांबूच्या लांब कामट्या जोडून घालतात, ती पद्धत साधी आणि चांगली आहे. जोरदार पाण्याचा होज घालायचा असेल तर आधी घरातली कोणती मोरी सर्वांत खाली आहे ते पाहून तिथं माणूस उभा करा. पाण्याला वाट नाही मिळाली तर ते देवघरापर्यंत येतं.

कॉस्टिक, ॲसिड, उकळतं पाणी आणि खायचा सोडा

तेलावर खरं चालतं ते कॉस्टिक सोडा. तो तेलाचा साबण करतो आणि साबण पाण्याबरोबर जातो. बाजारातल्या बहुतेक ड्रेन क्लीनर पुड्यांमध्ये तोच असतो. पण लाइन पूर्ण अडलेली असताना टाकू नका, वर साचलेल्या पाण्यात तो नुसता बसून राहतो आणि मग ते जहाल पाणी तुम्हालाच उपसावं लागतं. पाणी हळूहळू का होईना जात असेल तेव्हाच त्याचा उपयोग. प्रमाण पुडीवर लिहिलेलंच घ्या. द्रावण करायचं असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा सोडा टाका. सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, दोघांच्या झटापटीत पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मुलं बाहेर.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर सगळं खदखदून वर उडतं. एक उपाय फसला म्हणून त्यावर दुसरं रसायन ओतायचं नाही. आधी टाकलेलं पूर्ण निघून जाऊ द्या.

उकळतं पाणी ओतायचा सल्ला सगळे देतात. लोखंडी पाइप असेल तर ठीक. पीव्हीसी पाइप ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, जोड ढिले होतात, आडवा पाइप मध्ये लोंबतो. अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त गरम, इतकं पुरे. खायचा सोडा आणि व्हिनेगर फेसाळतात, बघायला मजा येते. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. वास कमी होईल, जुना चोक निघणार नाही.

पाइपात सिमेंट किंवा टाइल्सच्या जोडात भरायची पावडर गेली असेल, तर कुठलंही औषध नको. नवीन बांधकामात मिस्त्री घमेलं मोरीतच धुतात आणि घरभरणीनंतर महिनाभरात हा प्रकार उघड होतो. तो तुकडा कापून बदलायचा, दुसरा मार्ग नाही.

संडास

एकदा पाणी वर आलं की दुसऱ्यांदा फ्लश करू नका. पाणी उतरण्याची वाट बघा, मग मोठ्या तोंडाचा पंप मारा. सॅनिटरी पॅड, लंगोट, ओले वाइप्स आत गेले असतील तर ते ढकलण्यापेक्षा आकड्यानं बाहेर ओढणं शहाणपणाचं. वारंवार तुंबत असेल तर सेप्टिक टँक बघा. साधारण २ ते ३ वर्षांनी तो उपसायला हवा, आणि आपल्याकडं तो घर बांधल्यापासून उघडलेलाच नसतो.

टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, मग नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. माणसाला वाटतं वास गेला, तेवढ्यात तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. २०१३ च्या कायद्यानं अशी धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये केली. दोनशे-पाचशे रुपये वाचवायला कुणाला उतरवू नका, सक्शनची गाडी बोलवा.

हॉटेल, ढाबा, खानावळ, सलून

शेवभाजीच्या ढाब्याचा प्रश्न स्प्रिंगनं सुटत नाही. तिथं ग्रीस ट्रॅप हवा, म्हणजे भांडी घासायच्या मोरीनंतर आणि गटारीआधी एक चेंबर, ज्यात पाणी अर्धा तास तरी थांबेल. गर्दीच्या वेळी मिनिटाला १० लिटर पाणी जात असेल तर ३०० लिटरचं चेंबर. आत दोन आडव्या भिंती. पहिली वरून खाली येते पण तळाला टेकत नाही, त्यामुळे तरंगणारं तेल तिच्या अलीकडं अडतं. दुसरी तळापासून वर येते, ती गाळ अडवते. स्वच्छ पाणी मधल्या थरातून जातं. संडासाची लाइन यात कधीही जोडू नका.

वरचं तेल आणि खालचा गाळ मिळून चेंबरच्या पाव खोलीइतके झाले की उपसायचं. काठी बुडवून बघितली की कळतं. चालू ढाब्याला बहुधा आठवड्याला करावं लागतं, लग्नसराईत त्याहून आधी. मालक ट्रॅप बांधतात आणि झाकणावर गॅसची टाकी ठेवतात, मग तो कुणी उघडत नाही.

तळून उरलेलं तेल मोरीत ओतणं तर दुहेरी नुकसान. २०१८ पासून तळणाच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांहून जास्त चालत नाहीत, आणि तसलं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी नेण्याची योजनाही तेव्हापासून आहे. डबा भरून ठेवा, त्याचे पैसे मिळतात. केळी वेफरवाल्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांना तेलाचा थेंब मोजायची सवय असते. त्यांची मोरी तुंबते ती केळीच्या स्टार्चनं आणि सालीच्या चिकानं. तिथं जाळीची टोपली लावून रोज रिकामी केली की झालं. सलूनलाही तसंच, जाळी बारीक हवी.

जळगावच्या सराफ बाजाराची गोष्ट निराळी. तिथल्या मोरीतला गाळ झारेकरी, म्हणजे गाळातून सोन्याचे कण काढणारे, हौसेनं धुऊन नेतात. बाकीच्यांच्या गाळातून फक्त चमचे निघतात.

पुन्हा तुंबू नये म्हणून

तवा, कढई, भरिताचं पातेलं धुण्याआधी कागदानं किंवा भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्या. एवढ्यानं निम्मं काम होतं. आठवड्यातून एकदा, पाण्याच्या दिवशी, दोन बादल्या कोमट पाणी मोरीत एकदम ओता. ओघळ नको, लोंढा हवा. हाच तो फुकटचा इलाज. मेमध्ये घर बंद करून गावाला जात असाल तर ट्रॅपमध्ये पाणी घालून वर चमचाभर गोडतेल सोडा. नाहीतर ४४-४५ अंशांच्या उन्हात पाणी आटतं आणि परतल्यावर घरभर वास येतो. तो तुंबल्याचा वास नसतो, बादलीभर पाणी ओतलं की जातो.

एवढं करूनही दर महिन्याला त्याच जागी तुंबत असेल, तर पाइपाला पोट सुटलंय, म्हणजे तो मध्ये खचलाय. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्याबरोबर पाइप व चेंबरही हलतात. चार इंची लाइनला दर १० फुटांमागं २ ते ३ इंच उतार लागतो. नवीन टाकताना पाइपाखाली वाळूचा थर द्या आणि वळणावर साध्या बेंडऐवजी डोअर बेंड घ्या. त्याला झाकण असतं, पुढच्या वेळी फरशी फोडावी लागत नाही. साध्यापेक्षा थोडा महाग पडतो, म्हणून प्लंबर स्वतःहून सुचवत नाहीत. तुम्ही मागा.

आणि प्लंबर आला की दारातच सांगा, मोरीत काय टाकलंय आणि कधी. आमच्याकडं नेहमी येणाऱ्या एकाच्या मनगटावर बांगडीसारखा पांढरा डाग आहे. घरच्यांनी सकाळी कॉस्टिक ओतलं होतं, ट्रॅप उघडला दुपारी, आणि “काही टाकलं होतं का?” या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, “नाही, नुसतं पाणी.”